पानगल पार्कपाशी अडलेली गाडी

माझी ताई गेली बावीस वर्षं चेन्नईत राहते. तिच्याकडे गेलं की एक दिवस टी. नगरचा, हे ठरलेलं. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आधीच्या रविवारी जी गर्दी असते ती डोळ्यांसमोर आणा, तिच्यात दादरचा रानडे रोड मिसळा, वरून मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि ताज्या कॉफीचा वास सोडा, म्हणजे या भागाची थोडीफार कल्पना येईल. साड्या, सोनं, स्टीलची भांडी, लग्नाच्या पत्रिका, मुंजीचं सामान, पापड भाजायचा चिमटा, असं सगळं या एका चौरस मैलात मिळतं. आमच्या आईला तिरुपतीपेक्षा टी. नगरची ओढ जास्त आहे, असं आम्ही तिला चिडवतो.

२०२४ ची दिवाळी ३१ ऑक्टोबरला होती. तिच्या आधीच्या रविवारी आम्ही पाच जण निघालो: ताई, भावजी, भाची, शहात्तर वर्षांची आई आणि मी. भाचीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं आणि मुहूर्ताची साडी आजीनं निवडायची होती. ताईचं घर क्रोमपेटला. तिथून लोकल गाडीनं माम्बलम स्टेशन अगदी सोयीचं, पण त्या दिवशी लोकलचं नाव काढायची सोय नव्हती. दारात नवी गाडी उभी होती ना!

भावजींनी आयुष्यभर स्कूटर चालवली, नंतर बरीच वर्षं एक जुनी मारुती. निवृत्तीनंतर हातात पैसा आला, तेव्हा त्यांनी एक मोठी, ऐटबाज, परदेशी नावाची गाडी घेतली. कंपनीचं नाव मी सांगत नाही. भांडण मिटलेलं आहे आणि ते पुन्हा उकरायची इच्छा नाही. गाडी जेमतेम सात आठवड्यांची होती. सीटवरचं प्लॅस्टिक काढू नका, असं ताई अजून म्हणत होती. गाडीत हँडब्रेकचा दांडा नव्हता, बटण होतं. गिअरलाही दांडा नव्हता, तिथेही बटणच. डिकी बोटानं उघडे, विजेवर. मागच्या दारांना भावजींनी लहान मुलांसाठी असतं ते कुलूप लावून ठेवलं होतं, कारण आदल्या आठवड्यात शेजारचा चार वर्षांचा नातू गाडीत बसून गेला होता. ते कुलूप काढायचं राहून गेलं. पुढे त्याचाच मोठा घोळ झाला.

गिंडी ओलांडून सैदापेटजवळ आलो, तेव्हा समोरच्या पडद्यावर बॅटरीचं लहानसं लाल चित्र उमटलं. भावजींनी ते पाहिलं. ताईनंही पाहिलं. "दुकानात पोचल्यावर पुस्तकात बघू," असं म्हणून ते पुढे निघाले. बाहेर उकाडा होता, एसी जोरात होता, मागे भाचीचा फोन चार्जिंगला होता आणि गाणीही चालू होती.

इथे टी. नगरविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. शंभर वर्षांपूर्वी हे नगर नव्हतंच, इथे पाणी होतं. नुंगमबाक्कमपासून सैदापेटपर्यंत एक लांबलचक तळं पसरलं होतं. इंग्रज त्याला 'लाँग टँक'च म्हणत. मद्रास शहराला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९२० च्या दशकात तळ्याचा माम्बलमकडचा भाग आटवून तिथे आखीव वस्ती वसवली. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं नाव तिला दिलं, ते त्यागराय नगर. लोकांनी त्याचं टी. नगर केलं. मधल्या बागेला पानगलच्या राजांचं नाव आहे. मद्रास इलाख्याचा कारभार १९२१ ते १९२६ या काळात त्यांच्या हाती होता. आखणाऱ्यांनी हे सगळं राहण्यासाठी आखलं होतं. रुंद रस्ते, बंगले, झाडं. बाजार नंतर आला, आणि आता बंगला शोधावा लागतो.

तळं गेलं, पण पाणी आपली जागा विसरत नाही. जरा मोठी सर आली की इथल्या रस्त्यांत पाणी साचतं. २०१५ च्या डिसेंबरातला महापूर आणि २०२३ च्या डिसेंबरात 'मिचाँग' वादळानं आणलेला पूर, या दोन्हींत चेन्नईत असंख्य गाड्या बुडाल्या, साध्या आणि महागड्याही. त्याची धास्ती इतकी, की २०२४ च्या ऑक्टोबराच्या मध्यात मुसळधार पावसाचा इशारा आला आणि लोकांनी आपापल्या गाड्या वेळाचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन रांगेनं उभ्या केल्या. पेपरात फोटो आले होते. भावजींनीही गाडी तिकडे न्यावी म्हणून ताई मागे लागली होती.

आमच्या खरेदीच्या आदल्या रात्री एक सर पडून गेली होती. नंदनमकडून वेंकटनारायण रस्त्यानं आत शिरलो, देवस्थानच्या मंदिरापुढची गर्दी ओलांडली. पुढे मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, त्यामुळे रस्ता निम्म्यावर आलेला. गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. डाव्या कडेला साचलेलं पाणी, घोट्याएवढंही नसेल. पानगल पार्कची झाडं दिसायला लागली आणि पडदा काळा झाला.

नुसता पडदा नाही, सगळंच. गाणं अर्ध्या ओळीत थांबलं, एसीचा आवाज बंद झाला, इंजिन गप्प. गाडीनं आपणहून चाकं आवळून घेतली. भावजींनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग बोट दाबूनच धरलं. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला.

पहिली दोन मिनिटं आम्ही हसत होतो. मग उकडायला लागलं. काचा खाली होईनात, कारण काचा विजेवर. मी दार उघडायला गेले तर दार उघडेना, कारण लहान मुलांचं कुलूप. भावजी पुढून उतरले आणि बाहेरून मागचं दार ओढायला लागले, तर तेही उघडेना. गाडी चालू लागली की दारं आपोआप बंद होतात, आणि ती बाहेरून उघडायलाही वीजच लागते. पुढची दोन दारं आतून हातानं उघडली, मागची दोन्ही बंदच राहिली. भाची सडपातळ, ती दोन सीटांमधून पुढे सरकली आणि बाहेर पडली. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. ती कशी सरकणार?

तिचा हात माझ्या हातात होता आणि तो ओला झाला होता. "मला काही होत नाही," असं ती दर मिनिटाला म्हणत होती, म्हणून मला जास्त काळजी वाटत होती. बाहेर भावजी कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलत होते. पलीकडची मुलगी फार नम्र होती. गाडीचा नंबर, पिन कोड, जवळची खूण, सगळं विचारून तिनं गाडी न्यायला ट्रक दीड तासात येईल असं सांगितलं.

भावजी परत आत बसून बटण दाबायला लागले, तेवढ्यात बाहेरून दोन-तीन आवाज एकदम आले, "स्टार्ट पण्णादींग सार, स्टार्ट पण्णादींग!" म्हणजे चालू करू नका. फुलवाली, एका दुकानाचा गणवेशातला रखवालदार आणि मागच्या टॅक्सीचा चालक, सगळे हातवारे करत होते. मला वाटलं, चिडले आहेत. ते चिडलेले नव्हते. रस्त्यात पाणी आणि बंद पडलेली गाडी एकत्र दिसली की चेन्नईच्या माणसाच्या तोंडून आधी हेच निघतं. त्यांनी ते दोन पुरांत शिकून घेतलं आहे. इंजिनच्या नळकांड्यात हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी गेलं असताना गाडी चालू करायला गेलं, तर आतला पोलादी दांडा वाकतो आणि इंजिनच बदलावं लागतं. साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. बंद गाडी धुऊन, वाळवून वाचते. चालू करायच्या घाईत ती मरते.

टॅक्सीचालक पुढे आला. चाळिशीचा, कपाळावर विभूती, हिंदी मोडकं. त्यानं आधी गाडीकडे पाहिलं नाही, आत डोकावून आईकडे पाहिलं. "पावम," म्हणाला. बिचारी! मग भावजींना बॉनेट उघडायला सांगितलं. बॉनेटची दोरी सुदैवानं अजून हातानंच ओढायची असते. आत बॅटरी कुठे? बॅटरी मागे डिकीत, आणि डिकी विजेवर! भावजींनी कपाळाला हात लावला. पण अशा गाड्यांना पुढेही एक जोड दिलेला असतो. त्या माणसानं बोटानं चाचपून लाल टोपण शोधलं, आपल्या टॅक्सीतून जंपर केबल आणली, भावजींना पुस्तकातलं चित्र काढायला लावलं आणि ते दोनदा पाहूनच चिमटे लावले.

केबल लावण्याआधी तो भाचीला म्हणाला, "टायरचा फोटो काढा. चारही. पाणी कुठवर आहे ते दिसू दे." तिनं कंटाळून काढले. मला तर ते अगदीच अस्थानी वाटलं. आजी आत घामानं निथळते आहे आणि हा टायरचे फोटो काढायला सांगतो!

पडदा उजळला. 'टक्' असा आवाज होऊन दारं उघडली. मी आईला उतरवलं. एकूण वेळ मोजला तर वीस मिनिटंही झाली नसतील. इंजिन चालू करायला त्या माणसानं परवानगी दिली नाही. वीज आहे तोवर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घ्या, एवढंच. ते केलं नसतं तर चाकं आवळलेलीच राहिली असती आणि ती दोन टनांची वस्तू हत्तीनंही हलली नसती. मग दुकानातली चार पोरं, तो रखवालदार आणि आधी आमच्यावर शिट्ट्या फुंकणारा वाहतूक पोलीस, असे सगळे मागे लागले. लोखंडी कठडा बाजूला झाला आणि गाडी कडेला लागली. टॅक्सीवाल्यानं वेळ मोडल्याचे दीडशे रुपये मागितले. भावजींनी पाचशेची नोट पुढे केली, तर त्यानं उरलेले मोजून परत दिले आणि निघून गेला. त्याचा नंबर घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

आईला आम्ही समोरच्या रेशमी साड्यांच्या दुकानात नेलं. तिथल्या मालकिणीसारख्या दिसणाऱ्या वयस्क बाईंनी तिला पंख्याखाली बसवलं, मीठ-लिंबाचं पाणी दिलं. आमचं बोलणं कानावर पडलं तेव्हा त्या थबकल्या आणि मराठीत बोलू लागल्या. हेल तमिळ, शब्द आजोबांच्या काळातले. त्या तंजावरकडच्या. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे तंजावरला गेले, १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यांच्याबरोबर गेलेल्या घरांत ती मराठी अजून नांदते आहे. "आम्ही घरात हेच बोलतो," असं त्या म्हणाल्या आणि आईचा चेहरा पहिल्यांदा फुलला. पुढचे दोन तास ट्रकची वाट पाहत आम्ही साड्या पाहिल्या. आईनं गर्द हिरवी, आंबा रंगाच्या काठांची कांजीवरम निवडली. पैठणीचा आग्रह तिनं आपणहून सोडला.

ट्रक आला तो पाठीवर गाडी घेणारा होता, हे बरं झालं. अशा गाडीला दोरी बांधून टोचन करून न्यायचं नसतं. चाकं अडकलेली असली तर गिअरबॉक्सचं वाटोळं होतं.

खरी परीक्षा पुढेच होती. चार दिवसांनी विक्रेत्याच्या वर्कशॉपमधून पत्र आलं: विजेच्या यंत्रणेत पाणी शिरल्यामुळे बिघाड, सबब वॉरंटीत बसत नाही, अंदाजे खर्च तीन लाखांवर. भावजी ते पत्र हातात घेऊन गॅलरीत बसून राहिले. निवृत्त माणसाचे तीन लाख! लग्न महिन्यावर. ते म्हणाले, "देऊन टाकू, गाडी तरी घरी येईल." तेव्हा भाचीला टायरचे फोटो आठवले. चारही चाकं, पाणी रबराच्या तळाशी, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. तिनं ते फोटो, मदत क्रमांकाला केलेल्या फोनची वेळ आणि सैदापेटला लाल दिवा लागल्याची हकिकत, असं सगळं एका पत्रात लिहून विक्रेत्याला आणि थेट कंपनीलाही पाठवलं. लाल दिवा पाहूनही आपण चालत राहिलो, हेही भावजींनी प्रामाणिकपणे लिहायला लावलं. मला ती चूक वाटली होती, पण तपासणाऱ्या माणसाला त्यावरूनच सुगावा लागला. बिघाड अल्टरनेटरमध्ये होता. तो वीज तयार करीनासा झाला आणि एसी, गाणी, चार्जर यांनी मिळून बॅटरी पिऊन टाकली. पाण्याचा संबंध नव्हता. एकोणीस दिवसांनी गाडी फुकट दुरुस्त होऊन आली.

भावजींचा राग मात्र उतरेना. मला नवी गाडीच बदलून पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ओळखीच्या वकीलबाईंनी त्यांना दोन निकाल सांगितले. मारुतीच्या एका गाडीच्या क्लचबद्दल २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही. दुसरा निकाल महागड्या गाडीचाच. जीव्हीआर इंडिया प्रोजेक्ट्स या कंपनीनं २५ सप्टेंबर २००९ ला बीएमडब्ल्यू घेतली. २९ तारखेला, म्हणजे चार दिवसांत, ती बिघडली, नोव्हेंबरात पुन्हा बिघडली. प्रकरण पोलिसांत गेलं. २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं फौजदारी खटला रद्द केला आणि नवी गाडी द्यायला सांगितलं. कंपनी द्यायला तयार झाली, तक्रारदाराला गाडी नको, पैसे हवे होते. अखेर १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पन्नास लाख रुपये देऊन विषय मिटवायला सांगितलं. भावजींनी बोटं मोजली. जवळजवळ पंधरा वर्षं. "तोवर मी ऐंशीच्या घरात," ते म्हणाले आणि त्यांनी वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून घेऊन तडजोड केली.

ही तडजोड सगळ्यांनी करावी असं माझं मत नाही. एकच बिघाड पुन:पुन्हा होत असेल तर लढायलाच हवं, आणि आता त्यासाठी विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पन्नास लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, त्यावरची राज्य आयोगाकडे आणि दोन कोटींच्या वरची राष्ट्रीय आयोगाकडे. १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. फक्त प्रत्येक वेळी गाडी देताना जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची, 'किरकोळ तपासणी' असं लिहू द्यायचं नाही. ताईनं तर त्या गाडीचं जाडजूड पुस्तक दोन रविवार बसून वाचून काढलं. दारं आतून कशी उघडायची, न्यूट्रलची आणीबाणीची कळ कुठे आहे, हे तिला आता भावजींपेक्षा जास्त माहीत आहे. लहान मुलांचं कुलूप तर तिनं त्याच रात्री काढलं.

लग्न छान झालं. नंतरच्या वर्षी मी पुन्हा चेन्नईला गेले, तेव्हा टी. नगरला जायचा विषय निघाला आणि भावजी म्हणाले, लोकलनं जाऊ. माम्बलम स्टेशनातून बस स्थानकापर्यंत २०२३ च्या मे महिन्यापासून पादचाऱ्यांसाठी उंच पूल झाला आहे, अर्ध्या किलोमीटरहून थोडा लांब. खाली रंगनाथन गल्लीत माणसांचा पूर वाहत असतो आणि आपण वरून चालत जातो. आईला हा पूल फार आवडला. पाँडी बाजारातही २०१९ मध्ये पदपथ रुंद केले आहेत, बसायला बाक आहेत. तिथे दर शंभर पावलांवर थांबत ती स्टीलचे डबे पाहत होती.

दुपारी आम्ही एम. जी. रामचंद्रन यांचं स्मारक पाहायला गेलो. टी. नगरातच आहे. वस्तू पाहता पाहता भावजी त्यांच्या अ‍ॅम्बॅसॅडरपाशी थांबले, नंबर ४७७७. बराच वेळ उभे होते. "हिला धक्का मारता येतो," एवढंच म्हणाले.

परतताना आम्ही पानगल पार्कच्या त्या कोपऱ्यावर आलो. फुलवाली तिथेच होती. तिनं आम्हाला ओळखलं नाही, पण भावजींनी तिच्याकडून मोगऱ्याचे चार गजरे घेतले, भाव न करता. आई त्या साड्यांच्या दुकानात शिरली. मालकीणबाईंनी तिला पाहताच खुर्ची पुढे ओढली आणि आतल्या मुलाला हाक मारून कॉफी सांगितली.